वाढवून लिहिलेलं वाक्य

महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी मी कासारवाडीत, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका किराणा दुकानाच्या वरची खोली घेतली आणि इंग्रजी बोलण्याचा वर्ग सुरू केला. वेळ संध्याकाळी पाचची, शनिवार-रविवार सोडून. पहिल्या पाळीची माणसं कंपनीच्या बसमधून नाशिक फाट्याला उतरायची आणि चालत वर्गाला यायची. बहुतेकांच्या अंगावर कंपनीचा शर्ट तसाच असायचा. आठ-दहा जण होते. कुणाला बढती हवी होती, कुणाला मुलांच्या शाळेत जाऊन मास्तरांशी चार वाक्यं बोलायची होती.

त्यांत एक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ होते. मूळचे लातूरकडचे, तिशीच्या आतच भोसरीत आलेले, आणि आता चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासणारे. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला मॅडम. ते वर्गाला का आले, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. कंपनीत परदेशातले गिऱ्हाईक आले होते. एका भागाचं माप चाळीस मायक्रॉनने चुकलं होतं, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पाहुण्यांतला एक इंजिनिअर रिपोर्ट बघून म्हणाला, ‘वी आर माइल्स ऑफ,’ म्हणजे आपण मैलभर चुकलोय. भाऊंना एवढं इंग्रजी कळत होतं. ते उभे राहून म्हणाले, ‘नो सर, फॉर्टी मायक्रॉन.’ सगळे हसले, पाहुणाही हसला. हसण्याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. आकडा बरोबर सांगितल्यावर माणसं का हसली, एवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं.

त्यांच्या त्या गोष्टीमुळे मी वर्गात अतिशयोक्ती शिकवायला घेतली. पुस्तकात ती शेवटी, अलंकारांत येते. पण रोजच्या इंग्रजीत पावलोपावली ती असते आणि तिच्यामुळेच नवीन माणूस अडखळतो. भूक लागली की हे लोक उपाशी मरतात, दहा मिनिटं थांबावं लागलं की युगं लोटतात, तीन कामं असली की दहा लाख असतात. मी फळ्यावर वाक्यं लिहायची आणि माणसं हसत हसत त्यांचा खरा अर्थ सांगायची. भाऊंनी वहीत दोन रकाने आखले होते. एकावर लिहिलं होतं ‘बोललेलं’, दुसऱ्यावर ‘ॲक्च्युअल’. कंपनीत तपासणीच्या कागदावर असे रकाने असतात म्हणे. ‘आय हॅव अ मिलियन थिंग्ज टू डू’च्या पुढे ते थांबले आणि विचारलं, ‘मग खरे किती धरायचे, मॅडम?’

मी म्हटलं, आकडा धरायचाच नाही. आणि मग, वर्गाला सोपं जावं म्हणून, एक नियम सांगून टाकला. शब्द जितका मोठा, तितकी काळजी कमी. खरं संकट आलं की माणूस साधं बोलतो. मला तो नियम फार आवडला होता. पुढच्या दोन-तीन तुकड्यांना मी तो तशाच शब्दांत सांगितला.

भाऊंना तो पटला नव्हता. ते म्हणाले, हे तर मराठीतही आहे, आम्हीही शंभरदा सांगितलं म्हणतो, चालून चालून जीव गेला म्हणतो. पण तिथं समोरच्याचं तोंड दिसतं, आवाज कळतो. इंग्रजीत त्यांना नुसते शब्द दिसायचे. सवयीने कळेल, असं म्हणून मी पुढच्या धड्याकडे वळले.

त्यांना दोन मुली. धाकटी कॉलेजात होती. थोरली शिकून बंगळूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती आणि तिच्याबद्दल बोलताना भाऊंचा चेहरा बदलायचा. घरात ती सगळ्यांच्या नकला करायची. कंपनीतल्या साहेबाची नक्कल तर तिने साहेबाला न बघता, केवळ वडिलांच्या बोलण्यावरून बसवली होती. ती गेल्यापासून घर मुकं झालंय, असं ते म्हणाले होते. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, पण दोन-तीन मिनिटांचाच. जेवलीस का, जेवले, बरी आहेस का, बरी आहे.

मोबाइलवर मात्र ती भरपूर लिहायची, सगळं इंग्रजीत. वर्गाला यायला लागल्यापासून भाऊ तिचे स्टेटस वाचू लागले होते. वडिलांना एवढं इंग्रजी येतं हे तिला माहीत नव्हतं आणि त्यांनी ते सांगितलंही नव्हतं. कंपनीसाठी सुरू केलेलं शिक्षण आता ते मुलीसाठी करत होते. रोज एखादं वाक्य वहीत उतरवून आणायचे. एकदा तिने लिहिलं होतं की ती कामात बुडाली आहे. एकदा लिहिलं की तिच्या साहेबाने तिला जिवंत खाल्लं. वर्ग संपल्यावर आम्ही दोघं बसून त्यांचे अर्थ लावायचो. मला त्या मुलीची गंमत वाटायची. मी तिला पाहिलं नव्हतं, पण तिची वाक्यं ओळखीची झाली होती.

एका बुधवारी ते वर्गाच्या आधीच आले. फोन माझ्यापुढे धरला. तिने लिहिलं होतं, ‘माय हेड इज गोइंग टू एक्सप्लोड. दिस हेडेक इज किलिंग मी. डे नाइन.’

‘डोकं फुटायलंय म्हणते,’ ते म्हणाले. ‘मरायलेय म्हणते. मॅडम, मी उद्या निघू का? कंपनीची गुरुवारची सुट्टी आहे, वर एक दिवस रजा टाकतो.’

मी हसले. खोटं कशाला सांगू, मोठ्याने हसले. म्हटलं, भाऊ, ही तर आपल्या धड्यातली वाक्यं आहेत. माझ्या भाचीने त्याच आठवड्यात मला निरोप पाठवला होता, ‘आय एम डेड’, आणि पुढे चार हसरे चेहरे. तिला कुणीतरी विनोद सांगितला होता, एवढंच. मी तो निरोप त्यांना दाखवला. तोवर बाकीचे आले होते, त्यांनीही वाचला. मी माझा नियम पुन्हा सांगितला. वर म्हटलं, तुम्ही असे धावत गेलात तर ती चारचौघांत अवघडेल. तुम्ही तिचं सगळं वाचता हेही तिला कळेल. मग लिहायचीच बंद होईल.

ते शेवटचं त्यांना लागलं असावं. त्यांनी मान हलवली. पण फोनच्या पडद्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ‘यातलं नऊ तरी खरं आहे का?’

मी म्हटलं, असेल, नसेल. बरेच दिवस, असा अर्थ घ्यायचा.

ते आपल्या जागेवर जाऊन बसले. मी बाकांमधून फिरताना त्यांची वही पाहिली. ‘बोललेलं’च्या खाली ते इंग्रजी वाक्य होतं. ‘ॲक्च्युअल’च्या खाली त्यांनी नीट अक्षरात लिहिलं होतं, ‘थोडं डोकं दुखतंय.’

त्या संध्याकाळी त्यांनी मुलीला फोनवर विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी मला ते सांगायला मुद्दाम फोन केला. ती म्हणाली, थोडं दुखतंय, कामाचा ताण आहे, गोळी घेतलीय. म्हणजे वहीत लिहिलं होतं तेच. दोघांनाही हायसं वाटलं. आईवडिलांना काळजी नको म्हणून ती मराठीत कमी करून सांगत होती आणि मैत्रिणींना इंग्रजीत मोठं करून लिहीत होती. हे आज मला दिसतं. तेव्हा मी फक्त इंग्रजीची शिक्षिका होते.

पुढे अडीच आठवड्यांनी भाऊ वर्गाला यायचे थांबले. पहिले दोन दिवस ओव्हरटाइम असेल असं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच कंपनीच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या एक बाई, ज्या वर्गाला येत, त्यांनी सांगितलं. भाऊंची थोरली मुलगी ऑफिसात खुर्चीवरून कोसळली होती. डोक्यातल्या एका शिरेत रक्त गोठलं होतं, मग उजव्या बाजूला रक्तस्राव झाला. ऑपरेशन केलं होतं. भाऊ आणि त्यांची बायको विमानाने गेले होते, दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. त्या बाई म्हणाल्या, ‘डॉक्टरनं विचारलं म्हणं, एवढे दिवस डोकं दुखत होतं, कुणीच कसं आणलं नाही?’

मी त्या दिवशी वर्ग घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही.

फोन करायचं धाडस मला झालं नाही. दोन महिने झालं नाही. मुलगी वाचली, डावा हात-पाय अधू झालाय, भोसरीला आणलंय, अशा बातम्या त्या बाईंकडून कळत होत्या. शेवटी एका गुरुवारी दुपारी मी नाशिक फाट्यावरून शेअर रिक्षा पकडली आणि गेले.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. दार भाऊंनी उघडलं. ‘या मॅडम,’ म्हणाले, जसं काही मी मागच्या आठवड्यातच येऊन गेले होते. मुलगी खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. केस नुकते उगवू लागलेले, डावा हात मांडीवर ठेवलेला. मी नाव सांगितलं तेव्हा तिने सरळ माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ मराठीत नमस्कार म्हणाली. बोलणं गेलेलं नाही हे बघून मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

तिची आई चहा घेऊन आली. माझ्याशी दोन शब्द बोलावं म्हणून टेकली आणि म्हणाली, ‘काय सांगू ताई, दोन महिने जीव नुसता टांगणीला लागलाय.’

मुलीने मान वळवली. ‘कुठे टांगलाय?’

मला वाटलं, ती थट्टा करतेय. हसायला तोंड उघडलं आणि आईचा चेहरा पाहून मिटलं. मुलगी घाबरलेली होती. तिची नजर छताच्या पंख्याकडे गेली, तिथून दाराकडे. भाऊ उठले, तिच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले आणि हळू म्हणाले, ‘कुठं काही टांगलं नाही. आई दमलीय. तिला काळजी वाटते. एवढंच म्हणायचं होतं तिला.’

‘मग तसं म्हण,’ मुलगी आईला म्हणाली. रागाने नव्हे. विनंती केल्यासारखी.

निघताना भाऊ मला खाली सोडायला आले. जिन्यात त्यांनी सांगितलं. मेंदूच्या त्या बाजूला मार बसला की काही जणांचं असं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. शब्द सगळे शाबूत राहतात. पण शब्दांच्या पलीकडचं जे आपण न सांगता घेतो, ते पोहोचत नाही. विनोद, टोमणा, वाढवून बोलणं. भुकेने मेले असं धाकटी म्हणाली तर थोरली रडायला लागते. मैत्रिणींनी फोनवर प्रेमाने काहीबाही लिहिलं, त्यात मरणाबिरणाचं होतं, तर कोण मेलं म्हणून ती दिवसभर विचारत होती. मैत्रिणींचे निरोप मग कमी होत गेले. घरातले सगळे आता जपून बोलत होते. ‘मला फारसं जड गेलं नाही,’ भाऊ म्हणाले. ‘आईला जातं. तिचं सगळं बोलणंच तसलं.’

खाली पार्किंगमध्ये मी थांबले. जे बोलायला आले होते ते बोलले. म्हटलं, ‘भाऊ, त्या दिवशी तुम्ही निघाला होतात. मी जाऊ दिलं नाही.’



‘तुमच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं,’ ते म्हणाले. ‘मी करून बघितलं, मॅडम. होत नाही. नऊचा आकडा मी बघितला होता. शब्दाचं तुम्हाला कळतं, आकड्याचं मला कळतं. आकडा बघून पुढं जायचं नाही, हेच काम मी तीस वर्षं करायलोय.’

त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी दोषातला मोठा वाटा स्वतःकडे घेतला आणि माझा माझ्याकडे राहू दिला. मी तो घेऊन रिक्षात बसले.

पुढच्या महिन्यात त्यांनीच फोन केला. दवाखान्यात वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की मुलीला रोजच्या बोलण्यातले असे शब्दप्रयोग परक्या भाषेसारखे शिकवून बघा, काहींना थोडं जमतं. ‘तुम्ही येता का?’ एवढंच त्यांनी विचारलं.

मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. ज्या मुलीची इंग्रजी वाक्यं मी महिनोन्महिने उलगडून तिच्या वडिलांना सांगितली होती, तिलाच मी आता मराठी शिकवत होते. कार्डावर एक वाक्प्रचार लिहायचा, खाली दोन अर्थ, त्यातला योग्य तिने निवडायचा. डोळ्यात तेल घालून, हे कार्ड पाहताच तिने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, आग होईल. पोटात कावळे, हे वाचून तिला मळमळलं. ते कार्ड मी फाडून टाकलं. काही वाक्प्रचार तिने पाठ केले, पाढे पाठ करतात तसे. अर्थ विचारला की बरोबर सांगायची, पण चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. एकदा धाकटीने थोरलीचीच जुनी साहेबाची नक्कल तिला करून दाखवली. थोरलीने सगळं लक्ष देऊन पाहिलं आणि विचारलं, ‘हा माणूस आजारी आहे का?’ धाकटी उठून आतल्या खोलीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

अशात एक दिवस, कार्डं गोळा करताना, ती मला म्हणाली, ‘तुम्ही बाबांना सांगितलं होतं का, बंगळूरला जाऊ नका?’

तिला कुणी सांगितलं मला माहीत नाही. कदाचित तिने वडिलांची वही वाचली असेल. ती कपाटात समोरच असायची. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी काहीतरी गोलगोल बोलले असते, मनाला लावून घेतलं म्हणाले असते, माझं मन मला खातं म्हणाले असते. तिच्यापुढे ते चालणार नव्हतं.

‘हो,’ मी म्हटलं.

‘का?’

‘मला वाटलं, तू वाढवून लिहिलं आहेस.’

तिने विचार केला. अशा वेळी ती भुवया जवळ आणते, अगदी तिच्या वडिलांसारख्या.

‘मी वाढवूनच लिहिलं होतं,’ ती म्हणाली. ‘मरेन असं मला वाटत नव्हतं. डोकं खूप दुखत होतं. नऊ दिवस दुखत होतं.’ मग म्हणाली, ‘बाबा आले असते तर मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले असते.’

तिच्या आवाजात ठपका नव्हता. ठपका आवाजात आणायचा कसा, हेच तिला आता येत नव्हतं. तिने फक्त जे झालं असतं ते सांगितलं. मी म्हटलं, ‘माझी चूक झाली.’ ती ‘हो’ म्हणाली आणि पुढचं कार्ड मागितलं.

कासारवाडीचा वर्ग मी अजून चालवते. अतिशयोक्ती शिकवावी लागते, तिच्याशिवाय इंग्रजी कळत नाही. पण नियम सांगायचं सोडलं. कुणी एखादं वाक्य घेऊन आलं, की ते कुणी लिहिलंय, कधीपासून असं लिहितंय, आणि त्या माणसाशी तुम्ही शेवटचं समोरासमोर कधी बोललात, हे मी आधी विचारते. काहींना हा चौकसपणा वाटतो. एक-दोघांनी त्यामुळे वर्ग सोडलाही.

भाऊंनी वर्ग पुन्हा धरला नाही. परदेशी पाहुणे आले की ते मागे उभे राहतात आणि आकडे कागदावर लिहून देतात, असं त्या कँटीनच्या बाई सांगतात. बंगळूरची नोकरी गेलीच. मुलगी आता काठीशिवाय जिना उतरते, डाव्या हाताने कपबशी धरता येत नाही. भोसरीतल्या एका वर्कशॉपचे सुट्या भागांचे नकाशे आणि याद्या ती घरी बसून ताडून देते, दिवसाला तीन तास. त्यात तिची चूक निघत नाही, असं मालक म्हणतो. डॉक्टरांनी यापुढे फार फरक पडेल असं सांगितलेलं नाही, आणि पडणार नाही असंही नाही.

मागच्या पावसाळ्यात एकदा मी तिला शनिवारी चारला येते म्हणाले होते. बस वाटेत अडकली, मी पोहोचले तेव्हा पावणेपाच झाले होते. ती गॅलरीत उभी होती. आई म्हणाली, चार वाजल्यापासून उभी आहे, आत ये म्हटलं तरी येईना. तिचा डावा पाय थरथरत होता. मी उशीर झाल्याबद्दल काही बोलणार, तेवढ्यात तिने विचारलं, ‘तुम्हाला काही झालं का?’

मी म्हटलं, काही झालं नाही, बस अडकली होती.

‘तुम्ही चार म्हणालात,’ ती म्हणाली आणि माझा हात धरून आत आली. तेव्हापासून मी एक बस आधीची पकडते. लवकर पोहोचले तर खाली पार्किंगमध्ये थांबते आणि चार वाजता जिना चढते.